लोखंडाच्या आधी लाकूड

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या बैठकीत, टीव्हीच्या शेजारी, बुलेट मोटारसायकलचं एक इंजिन ठेवलेलं आहे. ३५० सीसीचं, पूर्ण आकाराचं. पहिल्यांदा घरी येणारा माणूस जरा दचकतो. बैठकीत इंजिन म्हणजे खाली तेलाचे डाग असणारच! मग तो जवळ जातो, हात लावतो आणि त्याच्या लक्षात येतं की हे सगळं लाकूड आहे. बाजूला एक छोटी मूठ आहे. ती फिरवली की पिस्टन वर-खाली होतो, झडपा आपापल्या वेळेला उघडतात आणि मिटतात. लहान मुलं ती मूठ फिरवत तासन् तास बसतात. मोठी माणसं मात्र एकच प्रश्न विचारतात : ‘‘हे चालतं का?’’

चालत नाही. लाकडात पेट्रोल पेटवलं तर काय होईल ते सांगायला नको. ‘‘मग कशाला केलंत?’’ हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर मला एका वाक्यात कधीच देता आलेलं नाही. त्यासाठी बैलगाडीपासून सुरुवात करावी लागते, आणि जर्मनी, खामगाव, किर्लोस्करवाडी असा फेरा घालून परत बैठकीत यावं लागतं. आज तो फेरा तुमच्याबरोबर घालावा म्हणतो.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात. वडील गावचे सुतार. नांगर, वखर, तिफण, दाराच्या चौकटी, पाळणे, सगळं त्यांच्याकडेच व्हायचं आणि सुगीला बलुतं म्हणून ज्वारी घरी यायची. पण त्यांचं खरं नाव होतं ते बंडीच्या चाकासाठी. वऱ्हाडात आम्ही बैलगाडीला बंडी म्हणतो. मध्ये बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि बाहेरचा गोल घेर. हा घेर एका लाकडातून कधी काढत नाहीत. वाकडे तुकडे एकापुढे एक जोडून तो करायचा, म्हणजे लाकडाच्या शिरा घेराबरोबर वळत जातात आणि चाक तडकत नाही.

चाक तयार झालं की त्यावर लोखंडी धाव चढवायची. हा आम्हा मुलांचा आवडता दिवस. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान केलेली असायची. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईपर्यंत तापवायची, म्हणजे ती वाढते. मग वडील, लोहार आणि आणखी दोघे चिमट्यांनी ती उचलून चाकावर बसवत. लाकूड धूर सोडू लागे. तेवढ्यात चहूबाजूंनी पाणी! वाफेत काही दिसत नसे, फक्त सगळे सांधे आवळल्याचा कर्र आवाज येई. वडील म्हणायचे, ‘‘लोखंड थंडं झालं की आकसते, बाबू. त्याच्या आकसन्यावर आपली बंडी चालते.’’

१९७०च्या दशकात गावात रबरी टायरच्या बंड्या आल्या. लोक त्यांना डनलॉप म्हणत. बैलांना त्या हलक्या जात, माल जास्त वाहत. वडिलांच्या चाकांना मागणी कमी झाली आणि पुढे थांबलीच. मी तेव्हाच ठरवलं की आपण रंधा धरायचा नाही, लोखंड शिकायचं. आयटीआय केलं आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या एका फाउंड्रीत उमेदवारीला लागलो. पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं, ‘‘वडील काय करतात?’’ म्हटलं, ‘‘सुतारकाम.’’ साहेब म्हणाले, ‘‘मग तू पॅटर्न शॉपमध्ये जा.’’ आत जाऊन बघतो तर सागवानाच्या फळ्या, रंधे, पटाश्या, सरस आणि भुसा! ज्यापासून पळून तीनशे मैलांवर आलो, तेच समोर. त्या रात्री मी रडलो, हे आज सांगायला लाज वाटत नाही.

फाउंड्रीत पॅटर्न म्हणजे काय, ते सांगतो. बिडाची किंवा ॲल्युमिनियमची वस्तू ओतायची तर वाळूत तिच्या आकाराची पोकळी हवी. पोकळी पाडायला वाळूत दाबण्यासाठी तीच वस्तू आधी लाकडात हवी. तिला पॅटर्न म्हणतात. वस्तू आतून पोकळ असेल, म्हणजे सिलिंडरसारखी, तर आतल्या पोकळीसाठी वाळूचा वेगळा गाभा करावा लागतो आणि त्या गाभ्याचा साचाही लाकडाचाच. वाळूतून पॅटर्न अलगद वर निघावा म्हणून त्याच्या उभ्या बाजू एखाद-दोन अंशांनी तिरप्या ठेवायच्या. जिथे पुढे लेथवर घासकाम व्हायचं आहे तिथे थोडी जास्त जाडी ठेवायची. कोपरे गोल करायचे. शेवटी चपड्याचे हात द्यायचे, म्हणजे ओल्या वाळूतलं पाणी लाकूड पिणार नाही. थोडक्यात, जगातलं कुठलंही बिडाचं इंजिन लोखंडात जन्माला येण्याआधी एकदा लाकडात जन्माला यायचं.

पहिल्या दिवाळीला वडील मला भेटायला आले. पॅटर्न शॉप बघून हसले. ‘‘लोखंड शिकाले गेलता, अन् लाकूडच तासते?’’ मी गप्प राहिलो. मग त्यांनी टेबलावरची माझी पट्टी उचलली, खिशातली स्वतःची घडीची पट्टी तिच्याशेजारी धरली आणि म्हणाले, ‘‘तुमची पट्टी खोटी हाये.’’

त्यांची नजर बरोबर होती. पॅटर्नवाल्यांची पट्टी खोटीच असते. बीड निवताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, ॲल्युमिनियम साधारण १३. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. प्रत्येक मापाला हिशेब नको, म्हणून पट्टीच तेवढी लांब केलेली असते. तिच्यावरचा एक मीटर हा खरा १ मीटर १० मिलिमीटर असतो. मी हे समजावून सांगितलं. वडील बराच वेळ पट्टीकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘म्हंजे धावेचंच गनित.’’

त्या एका वाक्यानं माझी नोकरीकडे बघायची नजर बदलली. मी इतिहासाची पुस्तकं वाचू लागलो ती तेव्हापासून. यंत्रांच्या इतिहासात सुतार कुठे सापडतो का, ते मला बघायचं होतं. शोधू लागलो तर तो पावलोपावली सापडला, फक्त नावानिशी नाही.

मोटारसायकलपासूनच सुरुवात करू. जगातली पहिली पेट्रोलवर चालणारी दुचाकी जर्मनीत गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली बनवली. श्टुटगार्टजवळच्या कान्स्टाट गावात, डाइमलरच्या बागेतल्या काचघरात त्यांचा कारखाना होता. या गाडीचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसूच आलं. तिचा सांगाडा लाकडाचा! चाकं लाकडी आऱ्यांची आणि वर लोखंडी धाव! तोल जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना दोन छोटी चाकं. आमच्या गावच्या बंडीत २६४ सीसीचं, अर्ध्या अश्वशक्तीचं इंजिन बसवावं, तसा तो प्रकार. वेग ताशी १२ किलोमीटर. नोव्हेंबर १८८५ मध्ये ती कान्स्टाटहून उंटरट्युर्कहाइमपर्यंत चालवली गेली, तेव्हा इंजिनातल्या ज्योतीच्या नळीमुळे वरच्या बैठकीनं पेट घेतल्याची गोष्ट सांगतात.

या गाडीचा शेवटही लाकडाचाच झाला. १९०३ साली कान्स्टाटच्या कारखान्याला आग लागली आणि मूळ गाडी जळून गेली. आज श्टुटगार्टच्या संग्रहालयात लोक जी पाहतात ती नंतर तयार केलेली प्रतिकृती आहे. म्हणजे जगातल्या पहिल्या मोटारसायकलला आपण ओळखतो ते कुणीतरी ती पुन्हा बसून बनवली म्हणून. प्रतिकृती ही नुसती हौस नसते, कधी कधी तीच एक उरते, हे मी तिथे शिकलो.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. वऱ्हाड कापसाचा मुलूख. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. खामगावची कापसाची पेठ एवढी मोठी की मुख्य लोहमार्गावरच्या जलंबहून खामगावपर्यंत खास फाटा काढला गेला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले. खामगाव, मलकापूर, शेगाव या भागात वाफेवर चालणारी जिनिंग-प्रेसिंगची यंत्रं आली ती सगळी विलायती बनावटीची.

पण त्याच्या कित्येक शतकं आधीपासून सरकी काढायचं एक यंत्र आपल्या घराघरांत होतं. दोन लाकडी रूळ, त्यांच्यामधून कापूस घालायचा, रुई पलीकडे जाते आणि सरकी अलीकडे पडते. हे दोन रूळ एकमेकांच्या उलट फिरले पाहिजेत. त्यासाठी रुळांच्या टोकाला लाकडातच तिरपे, मळसूत्री दाते कोरलेले असत. एकाचे दाते दुसऱ्यात अडकून दोन्ही फिरत. उसाच्या जुन्या लाकडी चरकातही हीच करामत. आपण गिअर हा विलायती शब्द शिकलो, पण लाकडातले दाते पाडणारा सुतार आपल्याकडे त्याआधीच होता. त्याला वर्तुळाचे सारखे भाग करता येत होते आणि दोन दाते एकमेकांना घासले तर किती दिवसांनी झिजतील याचा अंदाजही होता.

विलायती यंत्राचा बिडाचा भाग तुटला तर काय करायचं? बीड ठिसूळ, डाग देऊन टिकत नाही. तोच तुटका भाग जोडून वाळूत दाबला आणि नवा ओतला तर? आमच्या फाउंड्रीतले जुने मिस्त्री नव्या पोरांना हा प्रश्न हमखास विचारत. उत्तर असं, की नवा भाग लहान येईल, कारण बीड आकसतं. त्या नव्यावरून आणखी एक केला तर तो आणखी लहान येईल. नकलेची नक्कल अशी आटत जाते. म्हणून माप घेऊन, आकसण्याचा हिशेब धरून, आधी लाकडात नीट करणारा माणूस लागतोच.

महाराष्ट्रातल्या यंत्र उद्योगाच्या मुळाशीही हाच माणूस आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घेईनात. लोखंडानं जमिनीला विष चढतं, असं लोक म्हणत, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली आहे. पण तिची दुसरी बाजू माझ्या मनात कायम येते. लोखंडी नांगर आला आणि गावोगावच्या सुताराचा लाकडी नांगर मागे पडला. मात्र त्याच नांगराचे बिडाचे भाग ओतायला लाकडी पॅटर्न लागत होते, आणि तेही सुतारच करत होता. एका सुताराच्या हातचं काम दुसऱ्या सुताराच्या हातानं गेलं. पुढे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी निघाली, विहिरीवरची मोट जाऊन इंजिन आलं. साताऱ्याला कूपर, कोल्हापूरला उद्यमनगर, सगळीकडे ओतकाम वाढलं. प्रत्येक ठिकाणी भट्टीच्या मागच्या खोलीत कुणीतरी रंधा मारत बसलेला होता.

त्याचं नाव कुठे आहे? बिडाच्या ओतीव वस्तूवर उठावाची अक्षरं तुम्ही पाहिली असतील, कंपनीचं नाव, गावाचं नाव. ती अक्षरंसुद्धा पॅटर्नवर त्यानंच बसवलेली असतात, एकेक कोरून. मी स्वतः शेकडो वेळा मालकाचं नाव कोरलं. माझं नाव कुठल्याच बिडावर नाही. याची तक्रार करत नाही, कारण पगार घेतला होता. पण इतिहास लिहिताना ओतीव नावच वाचायचं असेल तर अर्धी माणसं सुटतात, एवढं खरं.

काही वर्षांनी मी नोकरी सोडून जिल्ह्यात परतलो आणि आयटीआयमध्ये शिकवू लागलो. इंजिनाचं काम मुलांना फळ्यावर चित्र काढून समजत नव्हतं. खरं इंजिन उघडून दाखवावं तर आतलं चालताना दिसत नाही. तेव्हा, १९९६ साली, मनात आलं की लाकडाचं इंजिन करावं, कापून आत बघता येईल असं. भंगारवाल्याकडून बुलेटचं एक जुनं इंजिन आणलं आणि सुटं केलं.

बुलेटच का? एक तर तिचा धप-धप आवाज आमच्या पिढीच्या कानात बसलेला. फटफटी म्हटलं की तीच. दुसरं म्हणजे तिचा इतिहास. मूळ कंपनी इंग्लंडमधल्या रेडिचची. भारतीय सैन्यानं १९५४ साली ८०० बुलेट मागवल्या, १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया निघाली आणि काही वर्षांत साचे-हत्यारंही इकडे आली. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद झाला, पण इंग्लंडमध्ये संपलेलं ते इंजिन आपल्याकडे साधारण २०१० पर्यंत बनत राहिलं. आणि तिसरं कारण म्हणजे ते समजायला सोपं. एकच सिलिंडर, ७० मिलिमीटर व्यास आणि ९० मिलिमीटर धाव. बघा, पिस्टनच्या वर-खाली जाण्यालाही आम्ही धावच म्हणतो!

माप घ्यायला बसलो आणि सवयीनं हात आकसणारी पट्टी शोधू लागला. मग थांबलो. हे इंजिन ओतायचं नव्हतं. याच्यावरून वाळूत काही उमटायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी करत असलेलं लाकूड हीच शेवटची वस्तू होती. खरी पट्टी घेतली.

कामाला दोन वर्षं लागली. सिलिंडरच्या बाहेरचे थंडाव्याचे पातळ पंखे पहिल्यांदा एका ठोकळ्यातून काढले. लाकडाच्या शिरा आडव्या येतील तिथे ते पटापट तुटले. मग प्रत्येक पंखा वेगळा कापून, चकत्या एकावर एक चिकटवल्या. पिस्टन उन्हाळ्यात सुरेख चालला आणि जुलैत घट्ट अडकला. लाकूड शिरांच्या दिशेला जवळजवळ वाढत नाही, आडवं मात्र फुगतं, त्यामुळे गोल पिस्टन पावसाळ्यात लंबगोल झाला होता. शेवटी तोही छोटे तुकडे गोलाकार जोडून केला आणि चपडा दिला.

सगळ्यात अवघड होती आतली जड चाकं, म्हणजे फ्लायव्हील. ती जरा वाकडी फिरली तर सगळंच अडतं. तीन वेळा केली, तिन्ही वेळा थोड्या दिवसांत वळली. वडील तेव्हा सत्तरी ओलांडलेले. ओट्यावर बसून रोज बघायचे, बोलायचे नाहीत. चौथ्या वेळेला म्हणाले, ‘‘तू फळी कापतं. फळीचं चाक होते का कधी?’’ उठले, बाभळीचे तुकडे निवडले आणि बंडीच्या घेरासारखे एकापुढे एक जोडले. वीस वर्षांत त्यांनी चाक केलेलं नव्हतं. वाकस चालवताना हात थरथरत होता, पण सांध्यात कागद जाईल एवढीही फट राहिली नाही. आज माझ्याकडच्या इंजिनात तीच चाकं आहेत आणि ती अजून सरळ फिरतात.

तेल पंप जोडताना आणखी एक गंमत झाली. बुलेटचा तेल पंप चालवायला मुख्य दांड्याच्या टोकाला एक मळसूत्री दाता असतो. तो लाकडात कोरून झाल्यावर वडिलांना दाखवला. ते म्हणाले, ‘‘हे तं आजीच्या चरकीचं हाये.’’ मी मद्रास आणि रेडिचच्या गोष्टी वाचून थकलो होतो, आणि माझ्या पणजीच्या घरातली सरकी काढायची चरकी त्या इंजिनाच्या पोटात बसलेली होती.

मुलांना शिकवताना त्या इंजिनाचा फार उपयोग झाला. मूठ त्यांच्या हातात द्यायची आणि विचारायचं, आता कुठली झडप उघडेल? उत्तर चुकलं तर इंजिनच सांगायचं. निवृत्त झालो तेव्हा ते घरी आणलं. वडील त्याच्या आधीच गेले होते.

मध्यंतरी कळलं की मी जिथे शिकलो त्यासारखीच एक जुनी फाउंड्री बंद पडली आणि तिथले पॅटर्न जळणाच्या भावानं विकले गेले. पन्नास वर्षांची लाकडं. त्यातल्या कित्येकांची यंत्रं अजून कुठेतरी चालत असतील. आता बऱ्याच ठिकाणी संगणकावर आकृती काढून यंत्रच पॅटर्न कापतं, काही ठिकाणी तर वाळूचा साचाच थेट छापला जातो. काम जास्त अचूक होतं, त्याला माझी हरकत नाही. डनलॉपच्या बंडीलाही बैलांची हरकत नव्हती. पण पॅटर्न जळतो तेव्हा त्याबरोबर लाकडाच्या शिरा कुठे वळवल्या, तुकडे कसे जोडले, किती जास्त धरलं, ही सगळी अक्कलही जळते, आणि ती कुठल्या पुस्तकात लिहिलेली नसते.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्या गावात एखादी बंद पडलेली जिनिंग असेल, जुना वर्कशॉप असेल, तर माळ्यावर बघा. वाळवी लागलेला, चपड्यानं काळपट झालेला, दोन तुकड्यांत जोडलेला कसला तरी विचित्र लाकडी आकार दिसला तर चुलीत घालू नका. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं तो केला असेल त्याला आधी विचारा की हे काय आहे. तो सांगेल. त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

परवा माझा नातू मूठ फिरवत होता. त्यानं विचारलं, ‘‘आजोबा, यावर कंपनीचं नाव का नाही?’’ खरंच नाही. करताना ती जागा मी कोरी ठेवली होती, मालकाचं नाव कोरायचं नाही म्हणून. माझं कोरावं असंही कधी वाटलं नाही, कारण निम्मं इंजिन ज्या चाकांवर फिरतं ती माझी नाहीत. नातवाला म्हटलं, पटाशी आण. दोघांनी मिळून त्या जागी वडिलांचं नाव कोरलं. अक्षरं जरा वाकडी आली आहेत, पण वाचता येतात.